बेस चोरणारी मेधा

माझी बायको मेधा आठवड्याचे पाच दिवस एका बँकेत बसून लोकांच्या लबाड्या पकडायची आणि रविवारी सकाळी स्वतः चोऱ्या करायची. दिवसाढवळ्या, अंपायरच्या डोळ्यांदेखत, वर टाळ्याही घ्यायची. रिकामा रस्ता असला तरी लोक हिरव्या दिव्याची वाट बघत थांबतात, अशा सिंगापुरात तिने सहा वर्षं हा उद्योग केला आणि कोणी तिच्या वाटेला गेलं नाही.

मी निशिकांत, तिचा नवरा. मूळचा पुण्याचा, पोटासाठी आयटीत, बाकी सगळा क्रिकेटचा. बेसबॉलबद्दल माझं मत आधीपासूनच वाईट होतं. ज्या खेळात चेंडूला टप्पाच पडत नाही, येईल तो फुल टॉस, त्यात बॅट घेऊन उभं राहण्याचं कौतुक ते काय? हे मत मी मेधाला, तिच्या संघाला आणि एकदा टॅक्सीवाल्यालाही ऐकवलं आहे. कोणी मनावर घेतलं नाही.

सुरुवात झाली २०११ साली. कंपन्या-कंपन्यांची एक रविवारची बेसबॉल लीग होती, ईस्ट कोस्टच्या अलीकडच्या एका मैदानावर. प्रत्येक संघात दोन बायका हव्यातच, असा नियम. मेधाच्या बँकेच्या संघाला दुसरी बाई मिळेना. कप्तान रेमंड ओंग हा गोल चेहऱ्याचा, मोठ्या आवाजाचा गडी तिच्याच मजल्यावर बसायचा. त्याने विचारलं, "धावता येतं का?" मेधा म्हणाली, "थोडंफार." वय छत्तीस, मुलगी सहावीत, आणि म्हणे थोडंफार.

पहिल्या सामन्याला मी आणि आमची आर्या मजा बघायला गेलो, आणि मजाही झालीच. पिचरने, म्हणजे इथल्या बोलरने, चार चेंडू वाकडे टाकल्यामुळे मेधाला पहिला बेस, म्हणजे धावेच्या चार थांब्यांपैकी पहिला, आयता मिळाला. पुढच्याने चेंडू टोलवला तशी ती दुसऱ्या बेसकडे पळाली. वाटेत चेंडू घेऊन एक जण तिला बाद करायला आडवा आला. मेधाने त्याला डावीकडे झुकून दाखवलं, उजवीकडून सटकली आणि बेसबिस सोडून सरळ मोकळ्या मैदानात पळत सुटली! तो बिचारा मागे. ही वळायची, थांबायची, हुलकावणी द्यायची, पुन्हा पळायची. अंपायरने केव्हाच आऊट दिलं होतं, पण बाई ऐकतात कुठे? दोन्ही संघ पोट धरून हसत होते. शेवटी रेमंडच मधे जाऊन उभा राहिला. "मेधा, इथे रस्त्यातूनच पळायचं असतं लाह!" सिंगापुरात प्रत्येक वाक्याला हे 'लाह'चं शेपूट असतं.

आर्याने टोपी तोंडावर ओढली होती. मी मात्र हसायचं विसरलो होतो. लग्नाला बारा वर्षं झालेली, आणि ही धावणारी बाई मी पहिल्यांदाच पाहत होतो.

घरी येताना MRT मध्ये, म्हणजे तिथल्या मेट्रोत, विचारलं, "हे कुठे शिकलीस?"

"साताऱ्याला. शाळेत खो-खो खेळायचे, मग कॉलेजमध्येही."

"तुझ्या बायोडेटात तर वाचन आणि स्वयंपाक लिहिलं होतं."

"तो आईने लिहिला होता. पळणारी सून कोणाला हवी असते, म्हणाली."

"आणि तू एवढी वर्षं बोलली नाहीस?"

"तू विचारलंस का कधी? क्रिकेटमधून सवड मिळाली तर ना."

रेमंडने तिला आऊटफिल्डमध्ये, म्हणजे लांब कुंपणाजवळ उभं केलं. तिथे ती दिसेल त्या चेंडूमागे सुटायची आणि बहुतेक गाठायचीही. पण तिला फेक अजिबात जमत नसे. त्यामुळे पहिलं वर्षभर ती चेंडू पकडून तो फेकायच्या ऐवजी हातात धरून पळत आत आणून द्यायची, पोस्टमनसारखी. लोकांना ते फार आवडायचं. रेमंडला कमी.

तिचं खरं नाव झालं ते चोरीमुळे. क्रिकेटवाल्यांना कळेल असं सांगतो. समजा, बोलर चेंडू टाकतोय, फलंदाजाने फटका मारलेलाच नाही, आणि नॉन-स्ट्रायकर आपल्या जबाबदारीवर पळत सुटून समोर पोचला, तर? बेसबॉलमध्ये ते चालतं. पिचर फलंदाजाकडे चेंडू टाकत असताना बेसवरच्याने पळून पुढचा बेस गाठायचा. तेवढ्यात चेंडू तिथे पोचला आणि तुम्हाला टेकवला, तर बाद. म्हणून पळणारा आधीच दोन पावलं पुढे सरकून उभा राहतो. पण पिचरही काही झोपलेला नसतो. तो अचानक वळून बेसकडेच चेंडू फेकतो आणि तुमचा मामा करतो.

मेधाचा मामा कोणालाच करता आला नाही. लोक म्हणत, काय वेग आहे! वेग होताच, पण तिच्याहून वेगवान पोरं लीगमध्ये पुष्कळ होती आणि ती सर्रास बाद होत. तिचं गुपित तिने मला आमच्या इमारतीखालच्या खांबांच्या मोकळ्या जागेत, तिथल्या भाषेत व्हॉइड डेकमध्ये, दाखवलं. मला पिचर केलं आणि हातात संत्रं दिलं.

"फेक. माझ्याकडे किंवा त्या खांबाकडे. मला आधी सांगू नकोस."

मी जरा नाटक करून फेकलं. मी कुठे फेकणार हे तिने प्रत्येक वेळी आधी ओळखलं.

"खांदे बघते मी," ती म्हणाली. "खो-खोत पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा घेतली की त्याला मागे वळता येत नाही. खांदे वळले की संपलं, तो तिकडचाच झाला. हा पिचरसुद्धा तसाच बांधलेला असतो. एकदा फलंदाजाकडे फेकायला लागला की त्याला थांबता येत नाही. नियमच आहे. मग मी पळते. हे लोक त्याचे पाय बघतात, हात बघतात, चेहरा बघतात. चेहरा कशाला बघायचा? चेहरा खोटं बोलतो."

मी संत्रं सोलून खाल्लं आणि बेसबॉलबद्दलचं माझं मत थोडंसं, अगदी थोडंसं, सैल केलं.

पुढची वर्षं आनंदात गेली. रेमंडची एक मावशी हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे तिथल्या खाऊगल्लीत, दुकान चालवायची. तिने मेधाला प्रत्येक चोरलेल्या बेसमागे एक काया बन लावून दिला. पावात नारळाचा गोड जाम आणि लोण्याची जाड वडी. मेधा म्हणायची, "मला खेळण्याचा मोबदला मिळतो, मी व्यावसायिक खेळाडू आहे." ते बन खाऊन व्यावसायिक खेळाडूच्या नवऱ्याचं पोट सुटलं. रविवारी दुपारी तिची मातीने लाल झालेली पँट बादलीत भिजवायचं कामही नवऱ्याचंच. आर्या आधी म्हणायची, "आई, सूर नको ना मारूस, सो एम्बॅरॅसिंग लाह!" दोन वर्षांनी तीच मैत्रिणींना घेऊन यायला लागली आणि आई बेसवर आली की सगळ्याजणी मोबाइल काढून उभ्या राहायच्या.

एकच गोष्ट राहिली होती. मेधाने दुसरा बेस चोरला, तिसरा चोरला, शेवटची होम प्लेट मात्र कधी चोरली नव्हती. तिथे पाय लागला की धाव. पण पिचर चेंडू टाकतो तोच मुळी तिथल्या कॅचरच्या, म्हणजे विकेटकीपरच्या, हातात. म्हणजे चेंडूशीच शर्यत लावायची. शहाणी माणसं त्या वाटेला जात नाहीत.

मी एकदा म्हणालो, "कशाला हवं आहे ते? धावा तर तू काढतेसच की."

ती पोळ्या लाटत होती, थांबली. "माझी प्रत्येक धाव दुसऱ्या कोणाच्या तरी फटक्यावर झालीय, निशी. मी तिसऱ्या बेसवर उभी राहायचं आणि कोणीतरी मारेल म्हणून वाट बघायची. एक धाव मला पूर्ण माझ्या पायांनी काढायचीय. एकच."

दोनदा तिने प्रयत्न केला. पहिल्यांदा कॅचरने आरामात टिपली. दुसऱ्यांदा फलंदाज होता रेमंड. ती येतेय हे त्याच्या लक्षातच आलं नाही. त्याने जोरात बॅट फिरवली आणि ती मेधाच्या कानाजवळून सणकन गेली. रेमंड पांढराफटक पडला आणि त्याने हुकूम सोडला, "होम प्लेट बंद! पुन्हा नाही म्हणजे नाही!"

मेधाने मान डोलावली. मी तिचा नवरा आहे, ती मान मला ओळखीची आहे. तिचा अर्थ होकार नसतो.

मग २०१७ साली कळलं की मैदान जाणार. तिथून MRT चा नवा मार्ग निघणार होता. लीगसाठी दुसरी जागा मिळेना, तेव्हा जूनमधल्या शेवटच्या रविवारी खेळ आवरता घ्यायचं ठरलं. मेधा बेचाळीस वर्षांची होती. त्या आठवड्यात ती रोज संध्याकाळी व्हॉइड डेकमध्ये पळत होती.

शाळांच्या सुट्ट्या चालू होत्या, संघातले निम्मे लोक गावाला गेलेले. नऊ जण भरेनात. रेमंडने सगळीकडे बघितलं, मग नाइलाजाने माझ्याकडे बघितलं. अशा रीतीने बेसबॉलच्या इतिहासात माझा प्रवेश झाला. मला सर्वात शेवटचा फलंदाज ठेवलं. मी पहिल्या खेपेला बाद झालो, दुसऱ्या खेपेलाही झालो. सरळ बॅटने, अगदी देखण्या शैलीत, पण बाद. आयुष्यभर फुल टॉसला हसलो, आणि आता एकही बॅटला लागत नव्हता. आर्या कुंपणापलीकडून ओरडली, "बाबा, इट्स नॉट क्रिकेट!" हे मला कोणी सांगायला हवं होतं का?

शेवटचा डाव आला. धावा बरोबरीत. आमचा एक जण बाद झालेला. मेधाने वाकडे चेंडू सोडून पहिला बेस मिळवला, लगेच दुसरा चोरला, एका चेंडूनंतर तिसराही चोरला. तिच्यामागचा फलंदाज मात्र बाद झाला, म्हणजे आमचे दोन गेले, आणि तिसरा गेला की डाव खलास. आता एक धाव म्हणजे विजय, आणि फलंदाजीला मी. मी बाद झालो की खेळ बरोबरीतच संपला, लीग संपली, मैदानही संपलं. मी बाद होणार याबद्दल मला धरून कोणाच्याच मनात शंका नव्हती. रेमंड तर पिशवीत सामान भरायला लागला होता.

त्या क्षणी मला भयंकर राग आला. हे लोक समजतात कोण मला? मी पुण्यात कॉलेजच्या संघातून खेळलोय! पहिला चेंडू आला आणि मी डोळे मिटून असा काही दांडपट्टा फिरवला की स्वतःभोवती गिरकी घेऊन खाली बसलो. चेंडू कॅचरच्या हातात. एक स्ट्राइक; असे तीन झाले की बाद.

तिसऱ्या बेसवरून मेधाचा आवाज आला, खणखणीत मराठीत. "निशी! बॅट फिरवू नकोस! नुसता उभा राहा!"

समोरच्यांना वाटलं, बायको नवऱ्याला धीर देतेय. त्यांच्यातल्या एकालाही मराठी येत नव्हतं. ती चौकशी तिने सामन्याआधीच पाण्याच्या बाटल्या वाटता वाटता करून ठेवली होती.

मीही मराठीतच ओरडलो, "मी काय खांब आहे?"

"एक मिनिट हो! माझ्यासाठी!"

मी डावखुरा, त्यामुळे ती मला समोरच दिसत होती. पिचरही डावखुरा, तिच्याकडे त्याची पाठ. तो चेंडू छातीशी धरून उभा राहिला. मेधा बेसपासून सरकली. आणखी सरकली. तिची नजर त्याच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध. मैदानावर कोणालाच काही कळलेलं नव्हतं. फक्त आम्हा दोघांना माहीत होतं. खरं सांगतो, इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

पिचरचा खांदा हलला. आणि मेधा सुटली.

कोणीतरी किंचाळलं. पिचरला ते ऐकू आलं असणार, पण आता त्याला थांबता येत नव्हतं. त्याने घाईघाईत चेंडू कसाबसा सोडला. तो आला. हळू, कमरेएवढा, अगदी मधोमध. असा फुल टॉस मला उभ्या आयुष्यात कोणी टाकला नव्हता. माझे हात आपोआप मागे गेले. एका बाजूने तो चेंडू येत होता, दुसऱ्या बाजूने टोपी उडालेली, केस मोकळे सुटलेले, दात आवळून धावणारी माझी बायको. मी हात तिथेच थांबवले.

चेंडू माझ्या बॅटसमोरून गेला. कॅचरने तो पकडला आणि वळून खाली हात घातला. पण मेधा तिथे नव्हतीच. ती त्याच्या डावीकडे झुकली, उजवीकडून पोटावर सूर मारला आणि जाता जाता डाव्या हाताची बोटं प्लेटच्या कडेला लावली. धूळ उडाली. अंपायरने वाकून बघितलं आणि दोन्ही हात फैलावले. वाइड नव्हे, इथे त्याचा अर्थ नाबाद!

त्यानंतर जो गोंधळ झाला त्यात रेमंड नाचत होता. होम प्लेट बंद केली होती हे तो साफ विसरला होता. आर्या कुंपणावरून उडी मारून आत आली. मेधा अजून पालथीच पडलेली, हात प्लेटवर, आणि हसत होती. मोठ्याने, शाळेतली पोर हसते तशी. मी बॅट टाकून तिच्याशेजारी मातीत बसलो. माझे डोळे भरून आले होते. धूळ होतीच म्हणा, पण धुळीमुळे नव्हे.

तिने मान वळवून विचारलं, "चेंडू कसा होता रे?"

"फालतू. बाहेर जात होता."

"खोटारडा. मधोमध होता. मी बघितला ना येताना. मला वाटलं, संपलं, आता हा मारणारच." तिने तोंडातली माती पुसली. "का नाही मारलास?"

मी म्हणालो, "तू येत होतीस."