तिठ्यावरून आत वळलेली गाडी

फ्रीज दुरुस्त करणारी बाई म्हटलं की माणसं अजूनही माझ्या पाठीमागे बघतात, हिचा नवरा कुठे राहिला म्हणून. मी सांगते, "तो घरी भात लावतोय, तुम्ही फ्रीज दाखवा." मालवणात माझं दुकान आहे आणि दुकानाच्या मागच्या पडवीत गेली काही वर्षं मी वर्ग चालवते. दहावीनंतर ज्यांचं शिक्षण थांबलं, किंवा कुणी थांबवलं, अशी पोरं-पोरी येतात. सकाळी कुणी काजूच्या कारखान्यात, कुणी हॉटेलात भांडी घासायला, कुणी बंदरावर मासळी निवडायला जातं आणि दुपारी माझ्याकडे येतं. किनाऱ्यावर आता तोंडवलीपर्यंत घराघरात पाहुणे उतरतात, आणि प्रत्येकाचा डीप फ्रीजर ऐन मे महिन्यात मान टाकतो. खारी हवा यंत्राला सोडत नाही. म्हणजे आपल्याला कामाची ददात नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगून टाकते. पोरांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

दोनेक वर्षांमागच्या तुकडीत आतल्या एका गावची, शेतकऱ्याघरची मुलगी होती. भात आणि काजू एवढंच तिच्या घरी पिकायचं. पहिला महिनाभर ती तोंडातून ब्र काढत नव्हती. एक दिवस मी तिला गॅस कुठून गळतोय ते शोधायला बसवलं. नळीला साबणाचा फेस लावायचा आणि फुगा कुठे धरतो ते बघत बसायचं, एवढंच काम. अर्धा तास ती नळीपुढे ध्यान लावून बसली आणि मग एकदम किंचाळली, "बाई, फुगो इलो! फुगो इलो!" उभ्या जागी नाचलीच ती. कुणाला सोन्याची खाण सापडली तरी एवढा आनंद होणार नाही. त्या दिवसापासून तिच्या हातातला पाना सुटला नाही आणि तोंडही बंद झालं नाही.

आणि नेमकी हिचीच अडचण निघाली. तिच्या वाडीत जाणारी शेवटची एस.टी. मालवणहून पाचला सुटायची. त्यानंतर साडेसहाची गाडी होती, पण ती वाडीच्या फाट्याशी, तिठ्यावर उतरवून सरळ पुढच्या गावाला निघून जायची. तिठ्यापासून वाडीपर्यंत काजूच्या बागांतून चांगली तासाभराची चाल. माझ्याकडे खरी यंत्रं उघडायची तीच मुळी पाचच्या सुमारास, कारण हॉटेलवाले दुपारची जेवणं उरकल्याशिवाय फ्रीजर सोडत नाहीत. पाचला उठून जायचं म्हणजे कालवण नुसतं वासावर जेवायचं.

ती चार-पाच वेळा साडेसहाच्या गाडीने गेली. मग तिचा बाप दुकानात आला. पांढरा सदरा, खांद्यावर पंचा, गावात मान असलेला माणूस. ओरडला नाही, आदळआपट केली नाही.

"बाईनु, शिकवतास ता बरां आसा," तो म्हणाला. "पण काजीत तिनसांजेक गवे उभे रवतत. काळोखात चेडवाक एकट्याक कसां येवंदेव? गाडी वाडीत येता तर शिकांदे. नाय तर फुडल्या आठवड्यापासून बंद."

मी चिडले. मला चिडायला वेळ लागत नाही, घरचे म्हणतात हिचाच थर्मोस्टॅट बिघडलाय. पण चिडून करणार काय? माणूस खोटं बोलत नव्हता. त्याच्याकडे मोटरसायकल नाही, रोज रिक्षा परवडायची नाही, आणि गवा काही सांगून आडवा येत नाही. तिच्याच बाजूच्या आणखी दोघी होत्या, त्यांच्या घरीही हीच कुजबुज सुरू झाली होती. आठवड्याच्या आत काही झालं नाही तर तिघी जाणार, आणि ही तर गेली म्हणजे गेलीच.

मी वर्गाला सांगितलं, डेपोत जाऊन साहेबांना भेटा. गाडी तिठ्यावरून आत वळवायला सांगा.

"बाई, तुमी बोला."

"मी कित्याक? गाडी तुमची, तोंड तुमचं. मी नुसती सोबत येईन आणि भिंतीला टेकून उभी राहीन."

मग पडवीत तालमी सुरू झाल्या. मी नाकावर चष्मा ओढून साहेब व्हायची आणि पोरं शुद्ध भाषेत म्हणायची, "महोदय, आमची आपणांस नम्र विनंती आहे." इतकं छान म्हणायची की मला स्वतःलाच गाडी सोडावीशी वाटायची.

डेपोतले साहेब नवीन होते, घाटावरून बदलून आलेले. माणूस शांत, बोलायला बरा. त्यांनी सगळ्यांना आत घेतलं आणि म्हणाले, "बोला." संपलं! सगळ्यांची दातखीळ बसली. एका मुलाने "महोदय" म्हटलं आणि तो तिथेच अडकला. साहेब वाट बघताहेत, वर पंखा फिरतोय, आणि माझी पोरं आपापल्या चपला बघताहेत. ती मुलगी माझ्याकडे बघू लागली. मी छताकडे बघितलं. असा काही राग आला होता मला, पण ठरवलं होतं ते ठरवलं होतं.

तिने डोळे मिटले, हात जोडले आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा!"

आमच्याकडे कुठलंही काम सुरू करायचं तर देवाला आधी गाऱ्हाणं घालतात. गावातला मानकरी मोठ्याने मागणं मागतो आणि जमलेले सगळे एका सुरात त्याला साथ देतात. तिच्या गावात ते गाऱ्हाणं तिचा बापच घालायचा, आणि जन्मापासून ते तिच्या कानावर होतं. पण कुठल्या बाईने ते घातलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं, आणि डेपोत तर नाहीच नाही.

आमच्या वर्गात बंदराकडच्या मुसलमान मासेव्यापाऱ्याची मुलगी होती. तिला गाडीशी काही देणंघेणं नव्हतं, घर दुकानापासून हाकेवर. मैत्रिणीसाठी आली होती. तिने पहिला गळा काढला, "व्हय म्हाराजा!"

"आज ही तुझी लेकरां डेपोच्या दारात उभी आसत म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता सगळी पोरं.

"साडेसहाची गाडी आमका तिठ्यार टाकता आणि सरळ निघान जाता! ती गाडी आत वाडीत वळव रे म्हाराजा! वाटेत गवो आडवो इलो तर तेका बाजूक कर! सायबाच्या मनात बरी बुद्धी घाल, आणि सायबाची बदली बऱ्या गावाक कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" ही आरोळी बाहेरून आली. खिडकीला ड्रायव्हर, कंडक्टर, शेंगदाणे खाणारे प्रवासी, कोण कोण येऊन चिकटले होते.

साहेब दचकून उभे राहिले. "बदली? माझी बदली का?"

कारकून तोंडाला रुमाल लावून हसत होता. "बरंच मागितलंय साहेब, चांगल्या गावाला मागितलीय."

साहेबही मग हसले. म्हणाले, महिनाभर गाडी आत वळवून बघू. पण वाडीची तिकिटं फाटली पाहिजेत. मोकळी गाडी रानातून फिरवता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडतेय तोच बाप दारात. चेहरा लाल.

"गाराणां घातल्यान म्हणे डेपोत?"

"घातलान. देवाक चलला, सायबाक चलला," मी कंबर कसूनच म्हटलं. "तुमका चलाक नाय?"

"अवो, राखणदाराचा नाव घेवक नाय तेणां! वाटेरले गवे बाजूक करूचे आसत तर आधी राखणदाराक हाक मारूक नको? ह्या कसला गाराणां!"

राखणदार म्हणजे गावाची वेस राखणारा देव, नेमका तोच राहिला होता! मग आम्ही दोघंही इतके हसलो की शेजारचा सायकलवाला काय झालं म्हणून बघायला आला.

आणि त्यानंतरचा तो महिना! वाडीत माणसं ती किती, आणि संध्याकाळी मालवणहून परतणारी त्यातली दोन-तीन. गाडी भरायची कुणी? बापाने गावाला कामाला लावलं. आज वरची वाडी, उद्या खालची वाडी, अशा पाळ्या ठरवून दिल्या. बायका एक बांगडा घ्यायला मालवणात यायच्या आणि दोन तास बाजार करून साडेसहाच्या गाडीने परत. ज्यांनी वर्षानुवर्षं समुद्र बघितला नव्हता त्या म्हाताऱ्या जेट्टीवर जाऊन बसू लागल्या. एकीने मला सांगितलं, "बाय गो, चेडवाच्या शिक्षणापायी माझीच मजा झाली." बाप स्वतः एक दिवसाआड यायचा, माझ्या दुकानातल्या स्टुलावर बसायचा आणि मुलीकडे न बघितल्यासारखं करून सगळं बघायचा. ती कॉम्प्रेसर सोडवत असली की याची मान हळूहळू लांब व्हायची.

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला आणि बातमी आली की आज साहेब स्वतः गाडीत बसून वाडीपर्यंत येणार. झालं! अख्खं गाव मालवणात लोटलं. आणि इकडे त्याच दिवशी एका हॉटेलचा मोठा फ्रीजर आला, तो मी तिच्या एकटीच्या हाती दिला होता. गॅस भरून झाला, आत बर्फाची पहिली पांढरी साय धरली, तेव्हा घड्याळात साडेसहाला पाच कमी. मी, ती आणि तिच्या बाजूच्या त्या दोघी, चौघी स्टँडकडे पळत सुटलो.

गाडी गच्च भरली होती. पायरीवर माणसं, इंजिनाच्या बॉनेटवर माणसं. कंडक्टर दारातून ओरडला, "जागा नाय! एक पण जागा नाय!"

ज्या पोरींसाठी गाडी, त्याच पोरी खाली! माझं डोकं भणभणलं. मुलीचं तोंड रडवेलं झालं. आज ती राहिली असती तर साहेबांनी काय बघितलं असतं, आणि बापाने उद्या काय ठरवलं असतं?

तेवढ्यात आतून आवाज आला. तोच गाऱ्हाण्याचा आवाज, आता खऱ्या मालकाचा, बापाचा. "ज्यांका ज्यांका मालवणात काय एक काम नव्हता, ते सगळे खाली उतरा!"

आणि मग एकेक जण उतरू लागला. बायका, म्हातारे, भजनातले बुवा, सगळ्यात शेवटी बाप. निम्मी गाडी रिकामी झाली, साहेबांच्या डोळ्यांदेखत. महिनाभराचं सोंग उघडं पडलं. मी मनात म्हटलं, गेली गाडी. बाप साहेबांच्या खिडकीखाली ताठ उभा राहिला. "सायबानु, खोटा कित्याक बोला? ही माणसां आमी भरलेली. खरी पोरां ही तीन."

साहेबांनी खिडकीतून मान बाहेर काढली. "मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. ते आजोबा रोज एक नारळ घेऊन येतात आणि तोच नारळ परत घेऊन जातात."

आजोबांनी हातातला नारळ हळूच पाठीमागे लपवला.

"पण तिकिटं तर तुम्ही खरीच काढलीत ना?" साहेब म्हणाले. "गाडी आत वळत राहील. जूनपर्यंत नक्की, आणि पुढचं मी वर लिहितो. आता पोरींना बसू द्या."

स्टँडवर असा गलका झाला की सावंतवाडीच्या गाडीतले लोक उतरून बघायला आले. तिघी पोरी चढल्या, बसल्या, गाडी सुटली. उतरलेल्या गावकऱ्यांना मासेव्यापाऱ्याच्या मुलीने घरचा रिकामा टेम्पो आणून दिला. बायका नाकाला पदर लावून हसत हसत चढल्या. बापाच्या पांढऱ्या सदऱ्याला मासळीचा वास नको, म्हणून मी दुकानातून स्कूटर आणली आणि म्हटलं, "बसा माझ्या मागे." एवढा मानाचा माणूस आयुष्यात पहिल्यांदा बाईच्या मागे बसला, आणि माझ्या खांद्याला हात न लावता मागची दांडी अशी घट्ट धरून बसला की मला हसू आवरेना.

थांबे घेत चाललेली गाडी आम्ही वाटेत गाठली. पुढे एस.टी., मागे आमची स्कूटर, त्यामागे टेम्पोत चाललेलं भजन. तिठा आला. गाडीचा डावा दिवा लुकलुकला आणि ती काजीच्या वाटेला वळली. महिन्यापूर्वीपर्यंत त्या वाटेने त्या वेळेला कधी एस.टी. गेली नव्हती.

तेव्हा मागून तो म्हणाला, "बाईनु, माझां धाकटां चेडू औंदा बारावीत आसा. परीक्षा झाली काय तेचां लगीन करूचां म्हणान स्थळ बघून ठेवलंय."

म्हणजे धाकट्या मुलीचं शिक्षण बारावीलाच थांबणार. मी स्कूटर हळू केली.

"त्या स्थळवाल्यांका उद्या नको म्हणान सांगतंय," तो म्हणाला. "तेकाय शिकवशात काय ह्या काम?"

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. मी मान हलवली, पण हेल्मेटमध्ये ती त्याला दिसली नसणार, म्हणून मग जीव खाऊन ओरडले, "शिकवतंय! शिकवतंय!" पुढच्या गाडीतल्या पोरींना वाटलं मी त्यांनाच ओरडतेय, आणि त्या मागच्या काचेतून दोन्ही हात हलवू लागल्या.