वीणेचा पहारा

पक्ष फुटला, सरपंच पडला आणि बेडसे लेण्यांच्या पायथ्याशी असलेले आमचे गाव दुभंगले. अखंड हरिनाम सप्ताह दोन वर्षे झाला नाही. देहूरोडच्या लष्करी डेपोतून निवृत्त झालेला माझा धाकटा भाऊ समोरच्या गटात गेला. भर सभेत त्याने मला ढोंगी म्हटले. तेव्हापासून आमचे बोलणे बंद होते.

देवळात मी चाळीस वर्षे प्रवचन करीत आलो. माझा सिद्धांत पक्का होता: आधी चुकीची कबुली, मग क्षमा. कबुलीवाचून क्षमा म्हणजे अन्यायाला मोकळीक. लोक माना डोलावीत आणि आपापल्या गटाच्या ओट्यावर जाऊन बसत.

तिसऱ्या वर्षी सप्ताह उभा केला तो डोंगरावरच्या ठाकरवाडीतल्या एका निरक्षर मजुराने. तो कोणत्याच गटाचा नव्हता, म्हणून वीणेचे पहारे लावण्याचे काम त्याच्याकडे आले. सप्ताहात वीणा खाली टेकत नाही. दोन-दोन तास ती एकेकाच्या गळ्यात असते, आणि सोपवताना देणारा व घेणारा एकमेकांच्या पाया पडतात. त्याने एका गटाच्या माणसामागे दुसऱ्या गटाचा माणूस लावला. एवढेच. पाचव्या दिवसापर्यंत निम्मे गाव वैऱ्याच्या पाया पडून मोकळे झाले होते.

लोक त्याला ‘भाऊ, भाऊ’ म्हणत चहाला नेऊ लागले. मला कोणी बोलावीना. माझ्या चाळीस वर्षांना जे साधले नाही, ते याने पाच दिवसांत साधले. हे मला सोसवले नाही.

“यात चूक कबूल कोणी केली?” मी त्याला विचारले.

“त्ये मला न्हाई ठावं, आबा. ईना खाली ठिवायची न्हाई, येवढं ठावं. मंग कुनीतरी घ्यायाच पायजे ना?”

सहाव्या दिवशी सकाळी माझा पहारा होता, नंतर भावाचा. तो वेळेवर आला, वाकला. ‘चुकलो’ हा एक शब्द मला हवा होता. तो बोलला नाही. मी वीणा दिली नाही. नामस्मरण तसेच चालू ठेवले. तो समोर उभा राहिला. दोन तास.

शेवटी मजूर पुढे आला. “आबा, त्यांचा बी पहारा तुमीच खाल्ला की!”

मंडप हसला. माझा भाऊ म्हणाला, “ऱ्हाऊ द्या. दादा एकदा सुरू झाला की थांबत न्हाई, घरातबी असंच हाय.”

मी वीणा उतरवून त्याच्या गळ्यात घातली. तो पुन्हा वाकला. मला वाकवेना, गुडघे धरले होते. त्याने माझे कोपर धरून मला सावकाश खाली नेले. कबुली कोणीच दिली नाही.

त्या सभेत मी त्याला आधी गद्दार म्हटले होते. हे वर लिहायचे मी टाळले.

त्या मजुराचा हेवा मला आजही वाटतो. यंदाही पहारे तोच लावणार आहे. मी त्याला निरोप धाडला आहे: माझ्यामागे भावालाच ठेव.