बिनतारीवाल्याचे कान

बिनतारीवाल्याचा बायकोवर राग होता, पण तो काढायला जागा नव्हती, कारण ती आता भांडतच नव्हती. पूर्वी भांडायची. स्वयंपाकघरातून एखादं वाक्य यायचं, हा "काय?" म्हणायचा, ती तेच जोरात म्हणायची, मग दारात येऊन एकेक शब्द तोडून. त्यावर हा उखडायचा, "ओरडतेस कशाला? बहिरा आहे का मी?" हळूहळू वाक्यं आखूड होत गेली. "जेवायला चला"चं नुसतं "चला" झालं, मग ताटावर चमच्याची टकटक. आता तीही नाही. ती ताट ठेवते आणि जाते.

आपल्याला ऐकू येत नाही, हे त्याला केव्हाच कळून चुकलं होतं. तिला मात्र ते पटत नव्हतं.

"जिन्यातली पावलं ऐकू येतात, खाली मोटार सुरू झालेली कळते," ती अधूनमधून भेटायला येणाऱ्या मुलीला म्हणाली. "माझंच तेवढं ऐकू येत नाही. हा बहिरेपणा नव्हे बाई, कानाडोळा आहे."

मुलीने ते त्याच्या कानाशी येऊन त्याला सांगितलं. तो दिवसभर धुमसला. घरात बोलणारं माणूस एकच, आणि तेही मिटत चाललेलं. शेवटी त्याने ठरवलं, दवाखान्यातून छापील पुरावाच आणून तिच्यापुढे टाकायचा.

तपासणीची खोली लहान होती. भिंतींना जाड गादी, जड दार, काचेपलीकडे यंत्रासमोर बसलेली एक मुलगी. तिने त्याच्या कानांवर हेडफोन चढवले आणि त्याची पाठ आपोआप ताठ झाली.

युद्धात तो ज्या जहाजावर होता, तिथली बिनतारी संदेशांची खोली न्हाणीघराएवढी होती. एका भिंतीतून गरम पाइप गेलेला, खुर्ची जमिनीला साखळीने बांधलेली. समुद्र खवळला की गुडघ्यांमध्ये बादली धरायची, तिच्यात ओकायचं आणि हात लिहिता ठेवायचा. हेडफोनमध्ये पत्र्यावर वाळू ओतत राहावी तशी खरखर, आणि त्या वाळूत कुठेतरी सुईएवढी शिट्टी, आखूड, लांब, आखूड. पाच-पाच अक्षरांचे गट. अर्थ नाही. तो लिहायचा, शेजारच्या खिडकीतून आत सरकवायचा, आणि आत बसलेला अधिकारी त्यातून काय काढायचा ते त्याला कुणी सांगत नसे. जहाज अचानक कलायचं, तोफांनी भिंती हादरायच्या. त्याच्यापुरतं युद्ध म्हणजे टेबलावरून घरंगळलेली पेन्सिल. बरोबरचं जहाज बुडालं हे त्याला दुसऱ्या दिवशी आचाऱ्याकडून कळलं. "तुला माहीत नाही?" आचारी म्हणाला. "बातमी तर तुझ्याच खोलीतून आली म्हणे!"

तो आचाऱ्यावर हात उचलणार होता.

पुढे जन्मभर लोक विचारत राहिले, युद्धात तुम्ही काय केलंत? अक्षरं लिहिली, तो म्हणायचा. लोकांना वाटायचं, लपवतोय. बायकोलाही तेच वाटायचं.

खोलीवरचा वरिष्ठ झुबकेदार मिशांचा होता, म्हणून सगळे त्याला मिशाच म्हणत. मिशाचा नियम असा, की ऐकू आलं नाही तर जागा रिकामी सोडायची, अंदाजाने भरायची नाही. एका वादळात एक गट खरखरीत बुडाला. त्याने नियमाप्रमाणे जागा रिकामी सोडली.

"हे काय?" मिशाने कागद नाकासमोर नाचवला. "ही भोकं मला दाखवू नकोस. कान कशाला दिलेत?"

"साहेब, तुम्हीच म्हणाला होतात—"

"तोंड कशाला दिलंय ते विचारलं नाही मी."

त्यानंतर त्याच्या कागदावर रिकामी जागा दिसली नाही. पलीकडून पाठवणाऱ्यांचे हात त्याला ओळखता येऊ लागले होते. एक घाईने आखूड तोडायचा, एक लांब शिट्टीवर पेंगायचा. पुढची शिट्टी येण्याआधीच याला तिची चाहूल लागायची. ती ऐकली की नुसती कळली, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. मिशा त्याला कानसेन म्हणू लागला. ते कौतुक त्याला कधीच गोड लागलं नाही.

"शिट्टी आली की बोट वर करायचं, आजोबा," काचेपलीकडची मुलगी म्हणाली. "अगदी बारीक असली तरी."

पहिल्या शिट्ट्या आल्या. मग त्या झिजत गेल्या, धाग्यासारख्या, मग नुसत्या रिकाम्या जागेसारख्या. पण तोवर त्याला तिचा हात सापडला होता. ती बटण दाबायची, श्वासभर थांबायची, पुन्हा दाबायची. सूर बदलायचा असला की तिचा डावा खांदा किंचित उतरायचा. तो वेळेवर बोट वर करत राहिला. एकही सोडली नाही. हेडफोन काढले तेव्हा छाती चार बोटं फुगली होती.

"वयाच्या मानाने उत्तम आहे," तपासणारी मुलगी कागदाकडे बघत म्हणाली. तिलाही ते खरं वाटत नसावं.

जिन्यात आल्यावर त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. सगळ्या युद्धात त्याने एकही लढाई जिंकली नव्हती, आणि आज जिंकायची नव्हती तीच जिंकून बसला होता.

"सगळं नाही ऐकू आलं मला," तो बरोबर आलेल्या आपल्या मुलीला म्हणाला.

"मग बोट का वर केलंत?"

"वेळ झाली होती शिट्टीची."

मुलीने कपाळाला हात लावला. "बाबा! तिथं पास व्हायचं नव्हतं!"

घरी बायकोने कागद वाचला, घडी केली, टेबलावर ठेवला. तिचे ओठ हलले नाहीत. हलले असते तर निदान भांडता आलं असतं.

दुसऱ्या खेपेला त्याच्या मुलीने दवाखान्यात आधीच सगळं सांगून ठेवलं होतं. त्याला काचेकडे पाठ करून बसवलं. तपासणारी मुलगी वाकून म्हणाली, "आज मी मनाला येईल तशी थांबणार. ऐकू आलं नाही तर गप्प बसा. मी काही रागावणार नाही." ती रागावणार नाही याचाच त्याला राग आला. पहिल्या मोठ्या शिट्ट्यांना त्याने बोट वर केलं, मग काहीच आलं नाही. वाळूसुद्धा नाही. बोट सारखं उठू बघत होतं. शेवटी त्याने हात मांडीखाली दाबून धरला आणि उरलेली तपासणी तसाच बसला.

"बरंच गेलंय, आजोबा," ती हळहळली.

त्याचे डोळे भरून आले. तिला वाटलं, दुःखाने. ते हायसं वाटल्यामुळे होतं.

कानाचं यंत्र आलं. पहिल्या दिवशी त्याने घर ऐकलं आणि त्याच्या डोक्याला कल्हई झाली. नळ, पंखा, वर्तमानपत्राचं पान, स्वतःचं चावणं, सगळं सारख्याच जोराने कानावर आदळत होतं. बायकोने ताट ठेवलं.

"बोल की काहीतरी," तो म्हणाला.

"काय बोलू?"

"काहीही. यंत्र घातलंय मी."

"दिसलं," ती म्हणाली आणि आत गेली.

एवढा खटाटोप केला तो या एका शब्दासाठी? त्याने ताट लोटलं. यंत्र उपसून काढायला हात कानाशी नेला, तोच आतून भांड्यांच्या खणखणाटातून तिचा आवाज आला. खालच्या पट्टीतला, सलग. ती भांड्यांशी बोलत होती.

"...म्हणे बोल. कळ दाबली की बोलायला मी काय बाहुली आहे? बहिणीचं कळलं तेव्हा आधी यांच्याकडेच धावले. रडत सांगतेय, तर यांचं आपलं, दार लाव, वारा येतोय..."

तो दिवस त्याला आठवला. ती दारात उभी होती, पाठीमागे उजेड, चेहरा दिसत नव्हता. मेव्हणी गेल्याचं त्याला संध्याकाळी मुलीकडून कळलं होतं.

"मला ऐकू नव्हतं आलं!" तो खुर्चीतूनच ओरडला.

भांडी थांबली. ती हात पुसत दारात आली.

"काय काय ऐकलंत?"

"सगळं."

"मग?"

आता तिला पटलं होतं. पटवण्यासारखं काही उरलं नव्हतं. ती वाट बघत होती.

"लावलं होतंस का दार?" त्याच्या तोंडून गेलं.

"लावलं होतं," ती म्हणाली. "बाहेरून."

आणि ती आत गेली. भांडी पुन्हा वाजू लागली, आवाजही पुन्हा सुरू झाला, पण आता चांगला मोठा, भिंतीपलीकडे त्याच्यापर्यंत पोचेल असा. "आणि त्याच्या आदल्या वर्षीचं ऐकायचंय?"

"ऐकतोय," तो चरफडत म्हणाला आणि ताट परत पुढे ओढलं.