अबू फरवाला फळ धरलं

एका थापेपायी गुणाजीला शेतकरी व्हावं लागलं. तो राजापूरकडचा. सौदीत अल-खोबरला भर ऑगस्टात गच्च्यांवर चढून एसी दुरुस्त करायचा. त्याचा कफील, म्हणजे व्हिसा देणारा मालक, अली. त्याचं शेत अबहाच्या थंडगार डोंगरात होतं. एकदा अलीनं विचारलं, "गुणाजी, बाग का काम मालूम?"

"मालूम! हमारा काजू का बाग है."

बाग शेजाऱ्याची होती. गुणाजीचा संबंध काजू चोरण्यापुरता.

अबहाला पोचल्यावर अलीनं तुर्कस्तानातून आणवलेल्या चेस्टनटच्या बिया पुढ्यात टाकल्या. सौदीत त्यांना अबू फरवा म्हणतात, म्हणजे केसाळ कोट घातलेला बाप. गुणाजीनं काजूबियांसारख्या त्या उन्हात वाळवून पेरल्या. एकही उगवली नाही. अलीनं मोबाइलवर वाचून शिव्या घातल्या. बिया सुकवायच्या नसतात, हिवाळाभर ओल्या वाळूत घालून फ्रिजमध्ये ठेवायच्या.

पुढच्या वर्षी तसं केलं. अलीची आई कुबरा हिनं निम्म्या बिया पाहुण्यांना भाजून घातल्या. उरलेल्या रुजल्या, त्यांतली बरीच रोपं शेळ्यांनी खाल्ली. दोनच जगली. एक शेतात लावलं, दुसरं लांब गुणाजीच्या खोलीपुढे ड्रममध्ये.

काही वर्षांनी शेतातलं झाड फुललं. तुऱ्यांचा वास असा, की कुबरानं घरातल्या बायकांना तिकडे फिरकायची बंदी केली. गुणाजीला वास ओळखीचा वाटला, एकट्या पुरुषाच्या अंथरुणाचा. पुढे काटेरी बोंडं आली. फोडून बघितली तर आत नुसती चपटी टरफलं. गुणाजीनं खत घातलं, पाणी वाढवलं, गावच्या रवळनाथाला नारळ बोलला. दुसऱ्या वर्षीही फोलच.

त्यानं व्हिडिओ कॉलवर बायकोपाशी रड लावली. तुळसाबाईनं विचारलं, "शेतात झाडं किती?"

"एकच."

"मग फळं धरणार कशी? एकट्यानं होतं का काय? तुम्ही तिकडे, मी इकडे. आपल्याला लागलं का फळ?"

गुणाजी हसायला गेला, पण हसू आलं नाही. लग्न होऊन कितीतरी वर्षं झाली होती, आणि संसार सुट्टीपुरता.

सकाळी त्यानं ड्रममधलं झाड शेतातल्या झाडाजवळ नेऊन लावलं. मग अलीला म्हणाला, "कफील, झाड को जोडी मिला. अब बीवी को बुलाना है."

"झाड का बीवी से क्या काम?"

"बहुत काम है."

अली पोट धरून हसला आणि व्हिजिट व्हिसाच्या मागे लागला. तुळसाबाई आली, परत गेली, पुन्हा आली. मूल काही झालं नाही. दोघांची चाळिशी उलटली होती. पण ड्रममधून आणलेलं झाड फुललं, आणि त्या पावसाळ्यानंतर दोन्ही झाडांची बोंडं उकलून तपकिरी, टपोरी फळं खाली पडली. पोती भरली. तुळसाबाईनं एक उकडून चाखलं.

"अगो बाई, ही तर फणसाची आठळी! एवढ्यासाठी इतकी वर्षं?"

तेवढ्यात डोंगरावरची माकडं पोत्यांवर तुटून पडली. तुळसाबाई काठी घेऊन धावली. "मेल्यांनो! मुडद्यांनो!"

माकडं पळाली. दारात उभ्या कुबराला त्यातला पहिला शब्द, अर्थ न कळताही, फार आवडला. हल्ली ती अलीला जेवायला हाक मारते तीसुद्धा "मेल्या" म्हणून.