तेक्लाताईच्या खोलीची जाळी

प्रोकोप हावरिश यांना गावात कुणी प्रेमळ म्हटल्याचं मला आठवत नाही. तरी कडाक्याच्या थंडीत घर तापवणारी भट्टी रुसली की आमच्या डॉफिन गावात सगळ्यांना त्यांचंच नाव आठवायचं. माझ्या थोरल्या बहिणीचे, तेक्लाताईचे, ते यजमान. गावातल्या अर्ध्याअधिक तळघरांत ते भट्टीपुढे गुडघे टेकून बसले असतील, आणि वर येऊन घरमालकाला बोल लावल्याशिवाय एकाही घरातून निघाले नसतील.

बिलूसकाकूंची गोष्ट तर सगळ्यांना पाठ आहे. नवरा गेल्यावर काकूंनी गॅस वाचवायला एकेक खोली बंद केली, गरम हवा सोडणाऱ्या जमिनीतल्या जाळ्या मिटल्या आणि वर पायपुसणी अंथरली. मग उरलेल्या जाळ्यांतून गार वारा येऊ लागला म्हणून रडत फोन. भाऊजी गेले आणि मोज्यातल्या टाचेने एकेक जाळी उघडत घरभर फिरले.

"काकू, भट्टी म्हणजे चूल वाटली का तुम्हाला? ही हवा ओढते आणि हवा सोडते. तुम्ही तिचं नाकतोंड दाबलंत. मग ती आतल्या आत तापते आणि जळून जाऊ नये म्हणून स्वतःच गॅस तोडते. पंखा बिचारा फिरत राहतो, तुम्हाला गार वारा घालत."

"पण रिकाम्या खोल्या कशाला तापवायच्या?" काकू म्हणाल्या.

"कोण गेलं ते भट्टीला कुठं ठाऊक आहे!" असं म्हणून भाऊजी बूट चढवून निघून आले. हे वाक्य गावात बरेच दिवस चघळलं गेलं. लोकांना ते निर्दय वाटलं, मलाही वाटलं.

ताईला जाऊन हा दुसरा हिवाळा. गेल्या महिन्यात भाऊजींचं घर एकदा गारठलं आणि स्वयंपाकघरातला नळ गोठला. त्यांची मुलगी लारिसा कॅलगरीहून धावत आली आणि जाताना निक्षून सांगून गेली, "बाबा, पुन्हा एकदा जरी घर थंड पडलं तर ते विकायचं आणि तुम्ही माझ्याकडे यायचं. शब्द द्या." भाऊजींनी शब्द दिला. दिलेला शब्द मोडणाऱ्यांतले ते नव्हते, हीच पंचाईत होती. ते घर त्यांनी आणि ताईने मिळून बांधलं होतं. तिथून उचलून कॅलगरीच्या बाराव्या मजल्यावर ठेवलं असतं तर हा माणूस वर्षभरही टिकला नसता, हे मला स्वच्छ दिसत होतं.

आमच्या चर्चचा नाताळ जुन्या पंचांगाचा, जानेवारीतला. त्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी मध-खसखस घातलेली गव्हाची खीर घेऊन त्यांच्याकडे गेले. बाहेर उणे बत्तीस. दार उघडलं तर भाऊजी घरात कोट घालून उभे! टेबलावर तीन ताटं मांडलेली होती, एक त्यांचं, एक माझं आणि एक ताईचं. त्या संध्याकाळी गेलेल्या माणसाचं ताट आम्ही मांडतोच. पण जमिनीतल्या जाळीतून गार वारा सुटला होता आणि ताटांशेजारची मेणबत्ती फडफडत होती.

"भाऊजी, हे काय?"

"काही नाही. फिल्टर असेल."

"गावात नवा पोरसवदा मेकॅनिक आलाय, त्याला बोलावू का?"

"माझ्या भट्टीला दुसऱ्याचा हात? बॅटरी धर आणि खाली चल."

तळघरात मी बॅटरी धरली आणि ते कामाला लागले. थर्मोस्टॅट त्यांनी आधीच पाहिला होता. फिल्टर काढला, तर नवाकोरा. बाहेर जाऊन धूर बाहेर टाकणाऱ्या पाइपच्या तोंडावर बर्फ साचलाय का ते पाहिलं, तर तोंड मोकळं. ज्योत लागली की नाही हे ओळखणारी बारीक दांडी काढून तारेच्या घासणीने घासली, तीही तशी स्वच्छच होती. पुन्हा भट्टी सुरू केली. बर्नर निळे पेटले. मला हायसं वाटलं. भाऊजींच्या चेहऱ्यावर मात्र काही हललं नाही. थोड्या वेळाने ज्योती एकदम विझल्या आणि पंखा तसाच फिरत राहिला.

त्यांनी पुन्हा दांडी काढली आणि पुन्हा घासायला घेतली.

ज्या माणसाने आयुष्यात एक स्क्रू विनाकारण फिरवला नाही, तो तीच दांडी दुसऱ्यांदा का घासतोय? मला बिलूसकाकू आठवल्या, आणि माझं डोकंच फिरलं.

"वरच्या खोल्यांच्या जाळ्या बंद आहेत ना?"

"आहेत."

"बैठकीतली?"

"तिथं कोण बसतं आता?"

मी जिना चढले आणि एकेक जाळी टाचेने उघडली, अगदी त्यांच्यासारखी. खाली आले तर ज्योती या वेळी जरा जास्त टिकल्या. मग विझल्या. आता एकच खोली उरली होती. स्वयंपाकघरामागची, जिथे ताई शिवण करायची आणि शेवटी जिथे तिची खाट लावली होती. घरातली हवा परत भट्टीत ओढून घेणारी मोठी जाळी त्याच खोलीच्या भिंतीत आहे. दुसरी नाहीच.

"भाऊजी, ती जाळी?"

"त्यावर गोधडी टाकलीय."

"आणि दाराखाली?"

"टॉवेल." त्यांनी फडक्याला हात पुसले. "गेल्या हिवाळ्यात थंडी बेताची होती, कशीबशी चालली. यंदा नाही चालणार, ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तू शिकवायला नको."

"मग उघडा की!"

"हान्या, आत अजून वास आहे." ते भट्टीकडे बघत म्हणाले. "तिच्या वाळवलेल्या शेपूच्या जुड्या, तो कापूर, हाताला लावायचं ते मलम. मी रविवारी दार उघडतो, आत जातो आणि लगेच लावून घेतो. तेवढाच राहिलाय. जाळी उघडली की पंखा सगळा ओढून नेईल."

मला दया आली, हे खरं. पण त्याहून जास्त राग आला.

"ती माझी बहीण होती! दोन हिवाळे मी तुमच्या दाराशी येते आणि तुम्ही मला त्या खोलीत पाऊल टाकू दिलं नाहीत. मला वाटायचं, माझंच काही चुकलं. तुम्ही एकट्याने तिचा वास पुरवून पुरवून घेत बसलात? आणि आता लारिसाला काय सांगणार आहात? जा कॅलगरीला! घर विकलं की नवा मालक येऊन पहिल्याच दिवशी ती खिडकी सताड उघडेल!"

ते उठले. फडकं खिशात घातलं आणि कठड्याला धरून हळूहळू वर गेले. मी मागोमाग गेले. दाराखालचा टॉवेल त्यांनी वाकून काढला. वाकताना त्यांना किती त्रास होतो ते मी तेव्हा पाहिलं. दार उघडून ते बाजूला झाले.

"ये," ते म्हणाले.

आत ताई होती. दुसरं काय सांगू? त्या गारठ्यात तिचा वास जसाच्या तसा राहिला होता. मी खाटेच्या कडेला बसले आणि हमसून हमसून रडले. भाऊजी तोवर भिंतीशी उभे होते. मग त्यांनी जाळीवरची गोधडी काढली, तिची नीट घडी केली आणि माझ्या मांडीवर ठेवली. जमिनीतली जाळी त्यांनी टाचेने उघडली. दार उघडंच ठेवून खाली गेले.

भट्टी पेटल्याचा आवाज आला. भाऊजी वर आले आणि आम्ही दोघं स्वयंपाकघरात उभे राहिलो, विझण्याची वाट बघत. ती विझली नाही. जाळीतून आधी कोमट, मग चांगली गरम हवा येऊ लागली. आणि त्या हवेतून शेपू आला, कापूर आला. सगळ्या घरात एकदम. बैठकीत, जिन्यात, तिच्या ताटावर. भाऊजी मोजे घातलेले पाय जाळीवर ठेवून, डोळे मिटून उभे होते.

"फिल्टरमध्ये धूळ अडकते," ते म्हणाले. "वास अडकत नाही."

फोन वाजला. लारिसाच होती. तिचा आवाज मलाही ऐकू येत होता. "बाबा, ख्रिस्त जन्मला! घर गरम आहे ना? खरं सांगा."

"दुपारी भट्टी बंद पडली होती. आता गरम आहे. सगळ्या खोल्या गरम आहेत."

"सगळ्या?" लारिसाने विचारलं. "आईचीसुद्धा?"

"आईचीसुद्धा."

 मग ती म्हणाली, "बरं बाबा. जेवा तुम्ही." कॅलगरीचं नाव तिने काढलं नाही.

भाऊजींनी फोन ठेवला, कोट काढून खुंटीला लावला आणि माझी खुर्ची मागे ओढली. मी खीर वाढायला घेतली, आधी ताईच्या ताटात. 

"लवकर वाढ, हान्या," ते म्हणाले. "ती आहे तोवर जेवून घेऊ."