कमी आवाजाचं पिस्तूल

"भाई, फार झाला का हो?"

गोळी झाडली की पिस्तूल खाली ठेवायचं, उजव्या कानावरचं झाकण बोटभर उचलायचं आणि माझ्याकडे वळून हे विचारायचं. फार झाला म्हणजे आवाज. जगातली माणसं नेम लागला का म्हणून विचारतात. आमचे साहेब लक्ष्याकडे बघायचेसुद्धा नाहीत.

मी चिपळूणचा. इथे बहारीनमध्ये, मनामा शहराबाहेरच्या एका नेमबाजी क्लबात हत्यारांच्या काउंटरवर बसतो. पिस्तुलं द्यायची, परत घ्यायची, पुसून कपाटात बंद करायची. साहेब पुण्याचे, मनामातल्या एका बँकेत अकाउंटंट. तुम्हीही अशी माणसं बघितली असतील, लिफ्टमध्ये शिरतानासुद्धा लिफ्टची परवानगी घेतील अशी. बॉसची भीती, व्हिसाची भीती, सिग्नलला शेजारी पोलिसाची गाडी उभी राहिली तरी घाम. मी चहा दिला की त्यांच्या हातात कपबशी किणकिणायची. त्याच हातात पिस्तूल दिलं की हात असा स्थिर, की मी बघतच राहायचो. "एवढंच जमतं मला न घाबरता," ते म्हणायचे.

आणि नेमकी तिथेच भीती येऊन बसली. डावा कान लहानपणीच तापात गेलेला, आता उजवाही उतरत चालला होता. डॉक्टरांनी बजावलं, मोठे आवाज टाळा, गेलेला कान परत येत नाही. त्या दिवशी साहेब काउंटरवर आले ते पांढरेफटक पडून. "भाई, सगळ्यात कमी आवाजाचं पिस्तूल कुठलं?"

"छऱ्याचं घ्या," मी म्हटलं. "नुसतं फुस्स."

"ते नको हो. त्यात हाताला काही कळतच नाही."

मग काउंटरवर वाकून ते मराठीत कुजबुजले, "आणि... सायलेन्सर लावला तर?"

कुजबुजले मराठीत खरे, पण तो शब्द चिपळुणात आणि बहारीनमध्ये एकच. पलीकडे बसलेल्या बहारीनी सुपरवायझरने मान वर केली. "मफी! मफी!" नाही, तसलं काही नाही, असं मी अरबीत ओरडलो. "अहो साहेब, नाव काढू नका त्याचं, बंदी आहे इथे! तुम्ही आणि मी एकाच विमानाने घरी जाऊ." सुपरवायझर नुसता हसला, पण साहेब पुढे महिनाभर फिरकले नाहीत.

आले तेव्हा निवड सुरू झाली. सगळी पिस्तुलं पॉइंट टू-टूचीच, रिमफायर, म्हणजे मुळात बारीक गोळीची. पहिलं दिलं आखूड नळीचं. त्या बंद खोलीत त्याचा आवाज असा कानफटात बसला की साहेब दोन्ही हातांनी कान धरून खाली बसले. "हे नको! पुन्हा कधी देऊ नका!" मग लांब नळीचं दिलं, कमी वेगाच्या गोळ्यांचं. ते बरं वाटलं. मग दर वेळी हाताने एकच गोळी भरायचं, त्यात मागच्या सरकत्या भागाची खडखड नाही, ते आणखी बरं. प्रत्येकाला प्रश्न तोच. मी म्हणायचो, "छे हो, कुणी शिंकलं असं वाटलं."

त्यांना न्यायला मुलगी यायची. कॉलेजातली, इथेच वाढलेली. बापाने मराठीत काही विचारलं की उत्तर इंग्रजीत. पण काचेचं दार ढकलून हाक मारायची ती ठरलेली, "बाबा, यल्ला!" म्हणजे चला. साहेब पाठमोरे असले तरी गर्रकन वळायचे, आणि काय हसायचे म्हणता! एकदा मला म्हणाले, "भाई, बाकी काही ऐकू नाही आलं तरी चालेल. ही हाक जायला नको."

"मग सोडा की हा नाद."

"सोडला तर मी उरतो काय? नुसता घाबरट."

मी गोळ्यांची डबी त्यांच्यापुढे सरकवली.

उन्हाळ्यात ते सुटीवर पुण्याला गेले. परत आले ते वाळून. डॉक्टरकडे गेला होतात का, म्हटलं. "नाही गेलो. काय सांगतील याची भीती वाटते." मी बोलत असताना ते सारखे माझ्या तोंडाकडे बघत होते. मला वाटलं, मिशी पांढरी झालीय, तीच बघतायत.

कपाटाकडे बोट दाखवून म्हणाले, "ते नवीन आलंय वाटतं?" नवीन कसलं? आखूड नळीचंच ते, मूठ तेवढी बदलली होती. "साहेब, हे तेच, तुम्ही नको म्हणालात ते," मी सांगितलं. त्यांनी "हो हो" म्हणून मान हलवली आणि तेच हवं म्हणून हात पुढे केला. मी दिलं.

गोळी सुटली. काचेमागे बसून मीसुद्धा दचकलो. साहेबांनी पिस्तूल खाली ठेवलं, कानांवरची झाकणं पार काढून टाकली आणि वळले. लहान पोरासारखा चेहरा फुललेला.

"भाई, सापडलं! हेच! अहो, किती शांत आहे!"

या खेपेला त्यांनी विचारलंच नव्हतं.

तेवढ्यात दार उघडलं. "बाबा, यल्ला!"

साहेब माझ्याकडेच बघत होते. "शिंकेएवढासुद्धा नाही हो!"

"बाबा!" ती आता जोरात ओरडली. सुपरवायझर वळला, पलीकडचे दोघे वळले. मी नुसता दाराकडे बघत राहिलो. माझ्या नजरेमागून साहेबांनी तिकडे पाहिलं. ती दारात उभी होती, हाक मारून तोंड अजून उघडंच होतं.

साहेब पुन्हा माझ्याकडे वळले. माझ्या ओठांवर डोळे लावून हळूच म्हणाले, "भाई, हाक मारली का हो तिने?"

मी मान हलवली.

नियमाप्रमाणे त्यांनी पिस्तूल रिकामं करून मला दाखवलं आणि काउंटरच्या काचेवर ठेवायला गेले. ते काचेवर किणकिणत राहिलं. मी दोन्ही हातांनी धरलं तेव्हा थांबलं.

त्यानंतर ते आले नाहीत. ते आखूड नळीचं कुणी मागितलं, तर मी अजून दुसरंच पुढे करतो.