लिंबोणीखालची ओल

त्या उन्हाळ्यात आमच्या कॉलनीतली माणसं एकमेकांच्या तोंडाकडे कमी आणि गच्चीवरच्या टाकीकडे जास्त बघायची. कोणाची टाकी भरून वाहिली, कोणाच्या दारात सडा पडला, कोणाची गाडी धुतल्यासारखी चकाकते, सगळ्यांवर सगळ्यांची नजर. सलग दुसऱ्या वर्षी पावसानं दगा दिला होता. नळ कधी आठवड्यानं यायचा, कधी त्याहून उशिरा, आणि मधल्या दिवसांत टँकर. मी शाळेत शिकवते, निम्मी कॉलनी मला मॅडम म्हणते, पण त्या दिवसांत कोणाकडे गेलं की हातात अर्धाच पेला यायचा. मला त्याचा राग येत नव्हता. मीही पाहुण्यांना तेवढंच देत होते.

नळ आला की आधीचं साठवलेलं पाणी शिळं म्हणून ओतून द्यायचं आणि भांडी घासून ताजं भरायचं, ही इथल्या घराघरातली जुनी खोड. त्या वर्षी ती सुटली, असं जो तो छातीवर हात ठेवून सांगायचा. माझा कोणावरच विश्वास नव्हता, पण गटारं तर कोरडी दिसायची.

अशात आमच्या परसातली लिंबोणी हिरवीगार राहिली.

हे झाड माझ्या सासऱ्यांचं, आम्ही त्यांना बाबा म्हणतो. सोयगावकडची शेती भावांकडे सोडून इथं घर बांधलं, तेव्हा तिकडून आणलेलं रोप त्यांनी मागच्या भिंतीच्या कोपऱ्यात लावलं होतं. नंतर त्यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. त्यांची खाट आम्ही मागच्या खिडकीशी लावली, आणि मग दिवसभर ते आणि ती लिंबोणी. डोळे उघडले की आधी झाड बघायचे, मग चहा. त्यांना दुसरं काही उरलंच नव्हतं.

त्या झाडाला आम्ही थेंब घालत नव्हतो. भांड्यांचं पाणीसुद्धा बादलीत धरून संडासाला वापरत होतो. भिंतीपलीकडच्या मावशींची जास्वंद वाळून काडी झाली, आणि आमची लिंबोणी फुलावर. मलाच ते बरं दिसेना. आधी वाटलं, खाली जुनी लाइन फुटली असेल. मग नवऱ्यावरच संशय आला, की यानं कोणाशी संधान बांधून चोरून नळजोडणी तर घेतली नाही ना. विचारलं तर तो ताट सरकवून उठला. दोन दिवस आमच्या घरात भांड्यांचाच आवाज होता.

बाबांचंही काही तरी चाललं होतं. डावा हात वर करायचे आणि मनगट कलतं करून दाखवायचे, पुन्हा पुन्हा. नळाच्या दिवशी तर फारच. तहान लागली असेल म्हणून मी पेला तोंडाला लावायचे, तर ते मान फिरवायचे. आजारी माणसाचा हट्ट म्हणून मी पेला तिथंच ठेवून द्यायचे.

मग एक दिवस मोबाईलवरच्या बातम्यांचं कुठलंसं चॅनेल कॉलनीत आलं. बातमीदार पोरगेलासा, बगलेत स्वतःची बाटली. बायकांना रिकामे हंडे घेऊन उभं राहायला सांगितलं. ज्यांचे भरलेले होते त्यांनी ते घरात नेऊन बादलीत ओतले आणि रिकामे करून आणले. त्यानं मावशींना हंडा उपडा धरून दाखवायला लावला, एकदा उन्हात, एकदा सावलीत. मावशींना जोर चढला.

"आधी शिळं पाणी ओतून देत व्हतो," त्या कॅमेऱ्यासमोर म्हणाल्या, "आता एक थेंब वाया घालत नाय. आमच्या घरात तांब्याभर पाणी नाय अन् यांचं लिंबू बघा जरा. कुठून येतं ह्यांना एवढं पाणी?"

संध्याकाळपर्यंत आमची लिंबोणी सगळ्या शहरानं पाहिली. वर लाल अक्षरांत प्रश्न, की टंचाईत हे झाड हिरवं कसं. खाली लोकांनी जे लिहिलं होतं ते मी वाचू नये म्हणून नवऱ्यानं फोन काढून घेतला. तरी मी शाळेत जाऊन दुसऱ्या एका शिक्षिकेच्या फोनवर वाचलंच. त्यात आमच्या कॉलनीतलीही माणसं होती, रोज नमस्कार करणारी.

कॉलनीचे अध्यक्ष घरी आले. चहा नको म्हणाले, तेव्हाच मी ओळखलं.

"मॅडम, गैरसमज नका करून घेऊ. खाली पाइप हाय का तेवढं खणून बघू. नसला तर तोंडं बंद होतील सगळ्यांची. पण न्हाई म्हणाल तर टँकरवाला तुमच्या दारात थांबायचा नाय, लोकच थांबू देणार नायत."

"अन् मुळं तुटली तर? बाबांचं झाड आहे ते."

"झाडाचं काय, मॅडम. पुन्हा लावता येईल."

बाबांना दिवसातून दोनदा पुसून काढावं लागायचं, चादरी धुवाव्या लागायच्या. टँकर बंद झाला असता तर घर चाललंच नसतं. मी हो म्हणाले.

खणायला माणसं आली, बघायला कॉलनी आली, टिपायला तोच बातमीदार आला. खिडकीत बाबांनी हात वर केला आणि मनगट इतक्या जोरानं हलवायला लागले की खाट वाजली. मी धावत पाणी घेऊन गेले. त्यांनी पेला उडवला. पेल्यातलं पाणी सांडलं म्हणून, खोटं कशाला बोलू, मी त्यांच्यावर ओरडले.

माती कमरेइतकी खणली. वर चांगली ओल होती, खाली कोरडा मुरूम. पाइप नव्हता. मुळं तुटून झाड भिंतीवर कललं, ते कोणी तरी ओढून आडवं केलं. बातमीदारानं कॅमेरा बंद केला आणि बाटलीतलं पाणी पिऊन निघून गेला. पाइप सापडला नाही, ही बातमी काही कधी आली नाही. अध्यक्ष म्हणाले, "झालं, मिटलं." त्यानंतर बाबा खिडकीकडे पाठ करून पडायला लागले.

पुढचा नळ पहाटे आला. सगळी कॉलनी घराघरांत पाइप आणि मोटारी घेऊन गुंतलेली. मी मागच्या नळाची चावी फिरवायला परसात गेले, तर भिंतीवर एक बादली आली, कलली, आणि पाणी धो धो त्या खड्ड्यात पडलं. मग बादलीमागून मावशींचं डोकं वर आलं.

मी चावी तशीच सोडून भिंतीशी गेले.

"शिळं व्हतं," त्या म्हणाल्या. "देवाला चालत नाय, प्यायला बी नको वाटतं. गटारात सोडलं तर लोक बघत्यात."

"मग तुमच्या जास्वंदीला घालायचं ना, मावशी."

"माझ्या दारात हिरवं दिसलं असतं तर मलाच धरलं असतं की त्यांनी." त्यांनी बादली छातीशी धरली. "एका बादलीनं झाड थोडंच वाढतंय, असं वाटलं मला. अन् मी एकटीच नाय. मागची भाभी बी टाकती. त्या कोपऱ्यावरची बी."

मला खूप काही बोलायचं होतं. त्या दिवशी खड्ड्याच्या कडेला उभ्या होतात, तेव्हा का नाही बोललात, एवढं तरी. पण तेवढ्यात मागं खाट वाजली.

बाबा पुन्हा खिडकीकडे वळले होते. खिडकीच्या गजांमधून डावा हात बाहेर आला होता आणि मनगट हळूहळू कलत होतं, थेट त्या बादलीसारखं. मी त्यांच्याजवळ गेले. या वेळी मी पाणी नेलं नाही.